डाव्या हाताची कहाणी

ऐक हुंकाराई, तुझी कहाणी. पण जरा थांब, ऐकणाऱ्यांचं अजून आटोपलेलं दिसत नाही.

बायांनो, ताटलीतल्या अक्षता घ्या. उजव्या मुठीत धरा. मूठ घट्ट मिटा. मी थांबले की तुम्ही "हूं" म्हणायचं. पाटाखाली सरकवलेला मोबाईल मला दिसतो बरं, माझे डोळे अजून शाबूत आहेत. आणि उंबऱ्याशी बसलेली ती नवी सूनबाई, तू रेकॉर्डिंग लावलं असशील तर बंद कर. ही कहाणी रेकॉर्ड होत नाही. का होत नाही, ते शेवटी कळेल. ठेवलास? हं. आता ऐका.

एक होतं नगर, आटपाट म्हणतात तसलंच. नगराला वेस होती, वेशीवर टॉवर होता, आणि टॉवरखाली अख्खं नगर मान खाली घालून बसलेलं होतं. पाणी भरताना मान खाली, जेवताना मान खाली, देवळात गेले तरी मान खाली. परगावचा माणूस आला तर त्याला वाटे, काय हे विनयशील लोक! मग तो जवळ जाई, हातातला मोबाईल बघे, आणि थोड्या वेळानं त्याचीही मान खाली जाई.

त्या नगरात एक घर होतं. घरात सासू होती, तिचं नाव आनसाबाई. तिचा लेक श्रीपती, पेठेत त्याचं भांड्यांचं दुकान. श्रीपतीची बायको द्वारका. आणि त्या दोघांची लेक बकुळा, चार वर्षांची, बोलायला लागली की थांबायची नाही अशी.

द्वारका वाईट नव्हती हो. कहाण्यांमध्ये एक आवडती असते, एक नावडती असते. द्वारका दोन्ही नव्हती, चारचौघींसारखी होती. सकाळी उठायची, गॅसवर दूध ठेवायची, आणि उतू येईस्तोवर बघू म्हणून मोबाईल उचलायची. मग काय व्हायचं? कुणीतरी कुठंतरी केक कापत असायचं, ते बघायची. बोट वर सरकवायची. कुणीतरी साडीला पिना लावत असायचं, ते बघायची. बोट वर सरकवायची. कुणीतरी कुणाला तरी फसवून रडवत असायचं, तेही बघायची. तिकडं दूध ओट्यावरून खाली यायचं. काय बघत होतीस गं, असं विचारलं तर तिला आठवायचं नाही. दिवसभर बघितलं आणि डोळ्यांत काही उरलं नाही.

एकट्या द्वारकेला नावं ठेवू नका. श्रीपती दुकानात मापटं हातात धरून क्रिकेट बघत बसायचा, गिऱ्हाईक उभं राहून कंटाळून जायचं. आनसाबाई पहाटे उठून सगळ्या नगराला फुलांच्या चित्रातून शुभ सकाळ पाठवायची, आणि घरातल्या कुणाशी सकाळी बोलायची नाही.

बकुळा मात्र डोळे उघडे ठेवून हिंडायची. एके सकाळी ती तुळशीपाशी उभी राहिली. पानावरून एक हिरवा किडा चालला होता, पाठीची कमान करून, पुन्हा सरळ होऊन. बकुळा धावत आईकडे गेली. "आई, बघ!" द्वारका म्हणाली, "हं, छान आहे हं." मान वर केली नाही. दुपारी वाटीत पाणी होतं, त्यावर ऊन पडलं होतं, आणि त्याचा उजेड आढ्यावर नाचत होता. बकुळा बापाकडे गेली. "बाबा, बघा!" श्रीपती म्हणाला, "आजीला दाखव, जा." मान वर केली नाही. तिन्हीसांजेला वळचणीला चिमणीची काडी खाली पडली, चिमणीनं ती पुन्हा उचलली, ती पुन्हा पडली. बकुळा आजीकडे गेली. "आजी, बघ ना!" आनसाबाई म्हणाली, "आईला दाखव हो." मान वर केली नाही. मग बकुळा पायरीवर जाऊन बसली. चिमणीला काडी जमली का, ते तिनं एकटीनंच पाहिलं.

असं दुसऱ्या दिवशी झालं. असं तिसऱ्या दिवशी झालं. मग पुढं कधीतरी बकुळा बोलायचीच थांबली.

आणि बायांनो, राग येण्याजोगी गोष्ट ही आहे की घराला ते कळलंच नाही. पोर किती गुणाची, त्रास म्हणून देत नाही, असं आनसाबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होती.

कळलं कधी? बकुळेचा वाढदिवस आला तेव्हा. औक्षण झालं, फोटो निघाले, गाणं लावून स्टेटसला चढले. लोकांचे निरोप यायला लागले. मग द्वारकेनं मोबाईल समोर धरला, म्हणाली, "बकू, सगळ्यांना थँक्यू म्हण." बकुळा गप्प. श्रीपती म्हणाला, "म्हण की, शहाणी ना तू." बकुळा गप्प. आनसाबाई म्हणाली, "एवढी लाजते काय? म्हण." बकुळा त्या काचेकडे बघत राहिली, तिचे ओठ हलले नाहीत. द्वारकेच्या मनात आलं, ही शेवटची कधी बोलली? तिला आठवेना. सासूला विचारलं, तिला आठवेना. नवऱ्याला विचारलं, त्यालाही आठवेना. तेव्हा द्वारका मटकन खाली बसली.

मग उपाय सुरू झाले. आनसाबाईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वैद्य आला, त्यानं जीभ बघितली, घसा बघितला, म्हणाला सगळं ठीक आहे. श्रीपतीनं मोबाईलवर शोधलं, आणि शोधता शोधता क्रिकेटवर गेला. शेवटी सगळ्यांनी मिळून कारण शोधून काढलं. आईचं लक्ष नाही, म्हणून पोर मुकी झाली. सासू तेच म्हणाली, नवरा तेच म्हणाला, शेजारीण गल्लीभर तेच सांगत सुटली. चुकीचं सांगत होते असं नाही. अर्धं सांगत होते.

द्वारका घरातून निघाली. चालत चालत वेशीबाहेर गेली, टेकडीमागं गेली. तिथं एक पडकं देऊळ होतं आणि तिथं रेंज नव्हती, म्हणून तिकडं कुणी फिरकत नसे. पायरीवर एक म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "का गं मुली, रडतेस का?"

द्वारका म्हणाली, "काही नाही आजी."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. मूठभर तांदूळ घेतले, मूठ मिटली, आणि द्वारकेकडे तोंड करून बसली. म्हणाली, "काही नाही, तेच सांग."

मग द्वारका बोलायला लागली. बकुळेचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "हूं." सासूचे टोमणे सांगितले. "हूं." मग बोलता बोलता भलतंच सुरू झालं. माहेरी ती गात असे, ते सांगितलं. लग्नानंतर गाणं कसं सुटलं, ते सांगितलं. दुपारी घरात सगळी असून कुणी नसल्यासारखं वाटतं, म्हणून आपण तो मोबाईल उचलतो, हेही सांगितलं. म्हातारीनं मध्ये तोंड घातलं नाही, सल्ला दिला नाही, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. द्वारकेचं बोलणं संपलं, तेव्हा तिनं मूठ उघडून तांदूळ द्वारकेच्या डोक्यावर टाकले. द्वारकेला हुंदका आला. लग्न झाल्यापासून तिचं बोलणं शेवटापर्यंत कुणी ऐकलं नव्हतं.

"आजी, हे तुम्ही काय केलंत?"

"हा हुंकाराईचा वसा."

"मला सांगा. मी घेते."

"घेशील, चार दिवस करशील, मग चढून जाशील."

"चढणार नाही, माजणार नाही, अर्ध्यात सोडणार नाही. सांगा."

म्हातारी म्हणाली, "मग ऐक. दिवेलागणीला तांदळाच्या डब्यातून मूठभर अक्षता घ्याव्या. घरातल्या एका माणसापुढं बसावं. उजवी मूठ मिटावी आणि त्याचं बोलणं संपेस्तोवर उघडू नये. भरल्या मुठीत दुसरं काही मावत नाही. मध्ये शिकवू नये, आपलं पुराण काढू नये, नुसतं हूं म्हणावं. संपलं की अक्षता त्याच्या डोक्यावर टाकाव्या."

"आणि ते माणूस बोललंच नाही तर?"

"मग न बोलणं ऐकावं. तेवढा वेळ बसावं."

द्वारका घरी आली. दिवा लावला, अक्षता घेतल्या, बकुळेपुढं बसली. पहिल्या दिवशी बकुळा उठून निघून गेली. द्वारका बसून राहिली, बोटं वळवळत होती, तरी मूठ उघडली नाही. दुसऱ्या दिवशी बकुळा जवळ बसली, पण पाठ करून. मग एका सांजेला ती वळली. आईच्या हनुवटीला हात लावून तिनं आईचं तोंड आपल्याकडे फिरवलं, नीट निरखलं, डोळ्यांत कुणी आहे का ते बघावं तसं. रोज थोडं थोडं पुढं सरकली. कधी खडा आणून दाखवला, कधी पान आणून दाखवलं. द्वारका बघायची, हूं म्हणायची.

आणि मग ती सांज आली. बकुळेच्या ओठांची हालचाल व्हायला लागली. द्वारकेला कळलं, आता बोलणार! आनंदानं तिचा जीव वर आला. आणि त्याच घटकेला मनात दुसरं आलं. सासू म्हणाली होती माझ्यामुळं मुकी झाली, आता तिला दाखवते. नवरा म्हणाला होता, त्याला दाखवते. ती गल्लीभर बोंब मारणारी शेजारीण, तिला तर आधी दाखवते!

उजवी मूठ मिटलेलीच होती हो. वसा मोडायचा नव्हता ना! डावा हात पदराखाली गेला, डाव्या हातानं मोबाईल काढला, डाव्या हातानं समोर धरला.

बकुळा म्हणाली, "आई..."

पुढचा शब्द तिच्या तोंडात होता. तिनं वर बघितलं. आईच्या तोंडाच्या जागी काळी काच होती. पोरीनं तोंड मिटलं.

द्वारकेला त्याचं भानच नाही! तिनं तो "आई" कितीदा ऐकला, मागं गाणं लावलं, वर लिहिलं, हुंकाराईच्या वशाचं फळ, आणि रील करून नगरात सोडून दिला. मग काय विचारता! घरोघर पोचला. मुकी पोर बोलली, मुकी पोर बोलली! सगळ्या नगरानं वसा घेतला. उजव्या मुठीत अक्षता, डाव्या हातात मोबाईल, समोर म्हातारा सासरा बसवलेला. "बोला मामंजी, पण जरा उजेडात सरका." मामंजी बिचारे दोन शब्द बोलायचे, पुरेसे झाले की सून उठून जायची. गल्लीत तांदळाचा सडा पडला, लोक त्यावरून चालायला लागले. आनसाबाईसुद्धा मिरवायला लागली, म्हणे आमच्या घरचाच वसा हो!

आणि बकुळा? पुन्हा पाठ करून बसली. जवळ यायची तीही बंद झाली.

द्वारका तरातरा टेकडीमागं गेली. म्हातारी तांदूळ निवडत होती. द्वारका लांबूनच ओरडली, "आजी, तुमचा वसा खोटा!"

"मूठ उघडली होतीस?"

"नाही."

"अक्षता सांडल्या?"

"एक दाणा नाही."

"मग डावा हात कुठं होता?"

द्वारका म्हणाली, "डाव्या हाताचं तुम्ही सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं," म्हातारी म्हणाली. "आईला एवढं सांगावं लागेल, असं मला वाटलं नाही."

एवढं बोलून म्हातारी उभी राहिली आणि बायांनो, तिचं रूप पालटलं. कपाळावर मळवट, गळ्यात पोत, देवळाएवढी उंची. साक्षात हुंकाराई! कहाणीतली दुसरी कुणी असती तर पायांवर लोळण घेतली असती. द्वारका उभीच राहिली. भीती वाटत होती, तरी उभी राहिली.

म्हणाली, "तू देवी आहेस ते दिसलं. आता माझं ऐक. चूक माझी, ती मी मान्य करते. पण शिक्षा लेकराला का? दर कहाणीत बाई चुकते आणि तुम्ही देव लेकरांना धरता. हे मला पटत नाही. माझी वाचा घे, माझे डोळे घे, तिचं तिला परत दे."

हुंकाराई म्हणाली, "मी काहीच घेतलेलं नाही. शाप देत बसायला मला वेळ नसतो. पोर हाका मारून दमली आणि गप्प झाली. पुन्हा धीर करून बोलली, तर तू तिच्याकडं बघायचं सोडून जगाला ती दाखवत बसलीस. तिच्या जागी तू असतीस, तर बोलली असतीस?"

द्वारका पायरीवर बसली. मग डोळे पुसले आणि पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "आणखी एक. बकुळेनं हाका तिघांना मारल्या होत्या. मोठी माणसं घरात तीन आहेत. मग वसा मी एकटीनं का करायचा?"

देवी हसली. इतकी हसली की देवळातली वटवाघळं उडाली. म्हणाली, "वसा बाईनंच करावा असं मी कधी सांगितलं? ते तुमच्या नगरानं ठरवलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. जा, वाटून घे."

द्वारका घरी आली. आधी ती रील काढून टाकली. लोकांना कळलंही नाही, ते पुढं सरकले होते. मग स्वयंपाक केला, पानं घेतली, आणि सासूचं नि नवऱ्याचं ताट पालथं घातलं.

"हे काय गं द्वारके?" आनसाबाई म्हणाली.

"आत्याबाई, आजपासून दिवेलागणीला या घरात तिघांनी वसा करायचा. उजव्या मुठीत अक्षता, डावा हात मोकळा ठेवून. ज्याच्या हातात मोबाईल, त्याचं ताट पालथं."

"माझं मोबाईलवर भजन चाललंय!"

"होऊ दे की. मी थांबते."

श्रीपती चिडला. म्हणाला, "मी खाणावळीत जेवीन." ताडताड खाणावळीत गेला. पोऱ्या मान खाली घालून उभा होता. श्रीपतीनं भाजीभाकरी मागितली, पोऱ्यानं चहा आणला. पुन्हा मागितली, दुसऱ्याचं बिल आणलं. तिसऱ्यांदा ओरडून मागितली, पोऱ्या म्हणाला, "हं, छान आहे." आपलं बोलणं कुणी ऐकत नाही म्हणजे काय होतं, ते त्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा त्याला कळलं. तो घरी परत आला, मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसला, आणि आपल्या हातानं ताट उताणं केलं.

मग त्या सांजेला श्रीपती अक्षता घेऊन आपल्या आईपुढं बसला. आनसाबाई आधी म्हणाली, मला काय बोलायचंय! मग म्हणाली, "घर गप्प असतं रे. तुझे वडील गेल्यापासून फार गप्प असतं. म्हणून मी ती भजनं लावते. देवासाठी कुठली, आवाजासाठी." श्रीपती म्हणाला, "हूं." त्यानं आईच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. बकुळा दाराआडून बघत होती.

रोज असं चाललं. कधी द्वारका बकुळेपुढं बसे, कधी बाप बसे, कधी आजी. पोर अजून बोलत नव्हती, पण दाराआडून आत आली, आतून जवळ आली, जवळून मांडीवर आली. द्वारकेचा जीव टांगणीला लागलेला, तरी ती घाई करत नव्हती.

सगळं नगर पुढं सरकलं होतं म्हणाले ना, त्यात एक माणूस सरकलं नव्हतं. नगरची राणी. राणीच्या मनात आलं, सगळ्या नगरानं एकाच मांडवात हा वसा करावा, टॉवरला रोषणाई करावी, आणि त्या मुक्या पोरीनं व्यासपीठावर पहिला शब्द बोलावा. केवढं नाव होईल! तिनं माणूस पाठवला. द्वारका म्हणाली, "येणार नाही." राणीनं पालखी पाठवली. द्वारका म्हणाली, "रिकामी न्या." राणीनं शिपाई पाठवला, तो म्हणाला, "नाही आलात तर नगर सोडावं लागेल." द्वारका काही बोलायच्या आत आनसाबाई कमरेला पदर खोचून पुढं झाली. म्हणाली, "माझी नात काय डोंबाऱ्याचा खेळ आहे का रे? सोडू नगर. टॉवर नसलेलं नगर शोधू. चालता हो!"

मग द्वारका म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊन येते. लपून बसायला आपण चोरी केलेली नाही." आणि ती निघाली. उजव्या मुठीत अक्षता घेतल्या, डाव्या हातात बकुळेचं बोट धरलं.

मांडव खचाखच भरला होता. ती आत शिरली आणि हजार हात वर झाले, हजार काचा तिच्याकडं वळल्या. राणी व्यासपीठावर बसली होती. तिच्या मागं तिचा छोटा मुलगा, युवराज, सिंहासनाच्या पायाशी एकटा बसला होता. राणी गोड आवाजात म्हणाली, "एकच शब्द बोलू दे. नुसतं आई म्हणू दे."

द्वारका म्हणाली, "नाही."

"तुला काय हवं ते देते."

"नको."

"मी राणी आहे. मी हुकूम करते."

द्वारका म्हणाली, "राणीसाहेब, देवीपुढं मी मान खाली घातली नाही, तुमच्यापुढं कशाला घालू? माझी लेक बोलेल तेव्हा बोलेल. कधीच बोलली नाही तरी मी रोज तिच्यापुढं बसेन. पण तिचा आवाज तुमच्या रोषणाईसाठी नाही. एकदा माझ्या डाव्या हातानं तो मी वाटून टाकला, पुन्हा टाकणार नाही. आज माझे दोन्ही हात भरलेले आहेत."

राणी लाल झाली. म्हणाली, "जा! निघ माझ्या नगरातून!"

"निघाले," द्वारका म्हणाली, आणि पाठ फिरवून चालायला लागली.

लोक वाट देत होते, पण काचा खाली घेत नव्हते. मांडवाच्या दाराशी ती पोचली. तिथं बकुळेनं एकदम बोट ओढलं. द्वारका थांबली. बकुळा खाली वाकून काहीतरी बघत होती. मग तिनं तोंड वर केलं, आईचं तोंड आहे ना जागेवर, ते बघितलं, आणि म्हणाली,

"आई, बघ."

द्वारका तिथंच धुळीत गुडघ्यांवर बसली. पदर मोठा केला, लेकीवरून आणि आपल्यावरून घेतला, आणि पदराच्या आत दोघींनी डोकी जवळ आणली. लोक पुढं रेटायला लागले, उड्या मारायला लागले. दिसला तो नुसता पदर. पदराआडून पोरीचं बोलणं ऐकू येत होतं, अखंड, एकावर एक, धरण फुटल्यासारखं, आणि मध्ये मध्ये आईचं "हूं". शब्द कुणाला कळले नाहीत. खूप वेळानं पदर बाजूला झाला. द्वारकेचं तोंड रडून लाल झालं होतं आणि बकुळेच्या केसांत अक्षता होत्या.

राणी व्यासपीठावरून उतरून धावत आली. नगर सोड म्हणालेली विसरली. म्हणाली, "काय दाखवलं तिनं? काय होतं तिथं?"

द्वारका उठली. गुडघ्यांची धूळ झटकली. म्हणाली, "ते तिचं नि माझं आहे. तुमच्या मागं सिंहासनाशी एक लेकरू केव्हाचं बसलंय, राणीसाहेब. त्याला विचारा. त्याच्याकडंही काहीतरी असेल."

राणीनं वळून बघितलं. युवराज हातात काहीतरी झाकून धरून बसला होता. किती दिवसांपासून, ते तिला सांगता येईना. तिच्या हातातला मोबाईल तिनं कुणाकडे दिला, तेही तिला पुढं आठवलं नाही.

मग द्वारका घरी गेली. नगर सोडायला तिला पुन्हा कुणी सांगितलं नाही. श्रीपती दाराशी उभा होता, आनसाबाई पायरीवर बसली होती. बकुळा बोलत बोलतच आत शिरली, आणि त्या घरात दिवेलागणीचं ताट पुन्हा कधी पालथं पडलं नाही.

आता तुम्ही मला विचाराल, बकुळेनं काय दाखवलं? किडा होता, खडा होता, की चिमणीची काडी? बायांनो, मला ठाऊक नाही. मला सांगणारीला ठाऊक नव्हतं, तिला सांगणारीलाही नव्हतं. हजार मोबाईल होते तिथं, एकातही ते नाही. ते फक्त ज्यांनी बघितलं त्यांनाच मिळालं. म्हणून म्हटलं, ही कहाणी रेकॉर्ड होत नाही.

हुंकाराई जशी द्वारकेला पावली, राणीला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. बायांना पावो आणि बाप्यांनाही पावो, त्यांनी वसा घेतला तर. आता उजवी मूठ उघडा आणि अक्षता शेजारणीच्या डोक्यावर टाका. डावा हात मला दिसू द्या. साठ हुंकारांची कहाणी पाच हुंकारांत ऐकलीत, इथं सुफळ झाली, इथं संपूर्ण झाली. घरी जा, तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय.